मदत हवी आहे: उतारावर वेग मिळवायला अंग नेमकं कसं ठेवावं?

नमस्कार मंडळी,

रोड बाइक चालवतो. चढावर माझं चांगलं जमतं, पण उतार लागला की ग्रुपमधले वजनदार गडी पेडल न मारताच मला मागे टाकतात. खाली सपाटीवर येईपर्यंत इतकं अंतर पडतं की ते भरून काढतानाच पाय संपतात.

कारण समजतं. खाली ओढणारं बळ एकूण वजनाच्या प्रमाणात असतं, आणि अडवणारं बळ मुख्यतः हवेचं, जे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. माणूस आडवातिडवा मोठा असला तरी वजनाच्या मानाने त्याचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ कमीच वाढतं. म्हणून जड माणूस पुढे.

७ टक्के उताराचं गणित मांडून पाहिलं. सायकलसकट वजन ८० किलो आणि सीडीए (समोरचं क्षेत्रफळ गुणिले हवेच्या अडथळ्याचा गुणांक) ०.३० चौरस मीटर धरला तर नुसतं सोडून दिल्यावर वेग साधारण ६० किमीला स्थिरावतो. सीडीए ०.२५ वर आणला तर ६६. सीडीए तोच ठेवून वजन १० किलोने वाढवलं तर ६४. म्हणजे अंग नीट आवळलं तर दहा किलो जड माणसालाही गाठता येतं! हे बघितल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

२०१६ च्या टूर द फ्रान्समध्ये पेरसूर्द घाटाच्या उतारावर ब्रिटिश सायकलपटू क्रिस फ्रूम टॉप ट्यूबवर (सायकलच्या सांगाड्याच्या वरच्या आडव्या नळीवर) बसून पेडल मारत गेला आणि १३ सेकंदांनी टप्पा जिंकला, ते सगळ्यांनी पाहिलंय. यूसीआयने (सायकलिंगच्या जागतिक संघटनेने) १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींत टॉप ट्यूबवर बसायला बंदी घातली. वाहत्या रस्त्यावर तर मला ते करायचंच नाही. ब्रेकवर बोटं ठेवून, सॅडलवर (सीटवर) बसूनच काय मिळवता येईल ते हवंय. अडचणी अशा:

१. ड्रॉप्स (हँडलचे खाली वळलेले भाग) धरून खाली वाकलो की कोपरं आपोआप बाहेर फाकतात. त्यापेक्षा हूड्स (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठी) धरून हात आडवे ठेवलेले बरे का?
२. थोड्याच वेळात मान आखडते आणि नजर पुढच्या चाकावर पडते.
३. साठच्या वर गेल्यावर कधी कधी हँडल थरथरायला लागतं. याची खरंच भीती वाटते.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

उतारावर ड्रॉप्सच. हूड्सवर हात आडवे ठेवले तर हवेला कमी लागतात हे खरं, पण एखाद्या खड्ड्याने हात सटकला तर धरायला काही उरत नाही. शिवाय ड्रॉप्समधून ब्रेकच्या लिव्हरला बोटांची पकड चांगली मिळते.

कोपरं फाकतात कारण तुम्ही पाठ गोल करून खांद्यातून वाकताय. कमरेतून वाका. बूड सॅडलवर बोटभर मागे सरकवा, पोट मांड्यांकडे न्या, मग कोपरं वाकवून गुडघ्यांच्या रेषेत आत घ्या. दोन्ही पेडल समतल, गुडघे टॉप ट्यूबला टेकलेले. वळण आलं की बाहेरचा पाय खाली, आणि हे सगळं आवळणं वळणाआधीच सोडायचं.

मानेचं म्हणाल तर डोकं खाली घालू नका, खांद्यांच्या मध्ये आत ओढा. हनुवटी स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या पुढच्या तुकड्याच्या) वर, नजर भुवयांखालून लांब रस्त्यावर. चष्म्याची वरची कड आड येत असेल तर माणूस नकळत मान जास्त उचलतो, तेही तपासा. आणि जर्सीची झिप गळ्यापर्यंत लावा, फडफडणारं कापड बराच वेग खातं.

प्रतिसाद २

तिसरा मुद्दा आधी सोडवा, बाकी सगळं नंतर. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे का बघा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, खटखट जाणवली तर तिथेच दुखणं आहे. चाकं सरळ फिरतात का, टायर नीट बसलाय का, हेही पाहा.

यात काही सापडलं नाही तर बहुधा तुमची पकड. घाबरून हँडल घट्ट आवळलं की थरथर वाढते. सुरू झालीच तर गुडघ्यांनी टॉप ट्यूब दाबून धरा, बूड किंचित उचलून वजन पेडलवर घ्या, हात सैल सोडा आणि ब्रेक हळूहळू लावा. हे साध्या उतारावर कमी वेगात घोटून ठेवा, म्हणजे वेळेवर आठवेल. आणि ६० चे ६६ झाले की गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. ती सगळी ब्रेकनाच जिरवायची असते.

प्रतिसाद ३

तुमच्याच गणितात भर घालतो. सीडीए ०.३० ठेवून ६६ गाठायचे असतील तर त्या उतारावर सुमारे १८० वॉट सतत लावावे लागतील. तेवढंच अंग आवळून फुकट मिळतं. म्हणून वळणातून बाहेर पडताना जोर लावा, पन्नाशी ओलांडली की पाय थांबवून आवळून बसा. त्या वेगात पेडल मारताना अंग हलतं, गुडघे उघडतात, कमावलेलं जातं.

फ्रूमच्या पद्धतीचं फार मनावर घेऊ नका. आइंडहोव्हनच्या बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये उतारावरच्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ती सर्वांत वेगवान ठरलीच नाही. वजनही बरंचसं पुढच्या चाकावर येतं. स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने २०२२ ची मिलान-सान रेमो ही शर्यत जिंकली तेव्हा सॅडल खाली करता येणारा ड्रॉपर सीटपोस्ट लावला होता. म्हणजे बंदीनंतरही सॅडलवर बसूनच शेवटच्या पोज्जो टेकडीच्या उतारावर तो सगळ्यांना सोडून गेला.

सरळ पट्ट्यात त्या वजनदार गड्यांच्या मागेही राहा. काही सायकलींचं अंतर ठेवूनसुद्धा हवेचा आडोसा मिळतो. वळणाआधी मात्र बाजूला व्हा, तुम्हाला समोरचा रस्ता दिसलाच पाहिजे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ब्रेक दाबून बघितलं, हेडसेटमध्ये खटखट आहे! तो घट्ट करून घेईपर्यंत वेग वाढवणार नाही. कमरेतून वाकून पाहिलं तर कोपरं खरंच आत येतात, पण मांडीच्या मागे ताण बसतो. स्टेमखालचा एखादा स्पेसर (उंची वाढवणारी कडी) काढून हँडल खाली घ्यावं का?

प्रतिसाद १

आत्ता नको. मांडीचा मागचा स्नायू मोकळा होईपर्यंत हँडल खाली घेतलं तर पाठ पुन्हा गोल होईल आणि कोपरं पुन्हा फाकतील. ताण न बसता ड्रॉप्समध्ये दहा मिनिटं राहता यायला लागलं की एकच स्पेसर काढा.