रोहयोच्या (रोजगार हमी योजनेच्या) कामातून पुढच्या दुष्काळाची तयारी खरंच करता येते का?

डोंगरपट्टा_बीड | १४ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे, पहिलीच टर्म. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रोहयोचा पुढच्या वर्षीचा आराखडा ठेवायचाय म्हणून विचारतेय.

मागच्या आठवड्यात एका ट्रेनिंगला गेले होते, तिथं एक सर सांगत होते की गरिबाच्या पोटापाण्याच्या योजना एकीकडे आणि हवामान बदलाची तयारी दुसरीकडे असं करू नका, दोन्हीची सांगड घाला, म्हणजे माणसाला आज मजुरी मिळेल आणि त्याच कामातून उद्याचा दुष्काळ सोसायची ताकद पण येईल. इथिओपिया, केनियाची उदाहरणं दिली. मला मनापासून पटलं. पण घरी येऊन आमचा आराखडा उघडला तर चौदा कामांतली सहा रस्त्याची, पाच गोठे, दोन विहिरी आणि शेवटी एक ओळ "वृक्षलागवड". पाणी अडवायचं एकही काम नाही, आणि गाव डोंगराच्या उतारावर!

मागच्या साली आमच्याकडं पाऊस गेला तो गेलाच. सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले ते ३१ ऑक्टोबरला, तोवर निम्मं गाव ऊसतोडीला निघायच्या तयारीत. जानेवारीत विहिरी आटल्या, फेब्रुवारीत म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया काम मागायला ग्रामपंचायतीत आल्या तर शेल्फवर, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेल्या कामांच्या यादीत, एकही काम नाही. एक आजी दोन तास पायरीवर बसून परत गेल्या, ते माझ्या डोक्यातून जात नाही. यंदा पाऊस बरा झालाय म्हणून सगळे निवांत आहेत, मला मात्र वाटतं तयारी करायची तर आत्ताच. कुणी असं खरंच केलंय का? कुठून सुरुवात करू?

जुना_मस्टर | १४ सप्टेंबर

ताई, पहिलं म्हणजे पाऊस चांगला झाल्यावर दुष्काळाचा विचार करणारा सदस्य मी माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत फार कमी वेळा बघितला, तेव्हा सोडू नका. मी जलसंधारणाच्या कामांवर होतो, आता रिटायर्ड.

ही सांगड आपल्याकडं बाहेरून आलेली नाही. वि. स. पागे यांनी १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग करून बघितला, मग ७२ चा दुष्काळ पडला आणि योजना राज्यभर गेली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पैसा कुठून आणला, तर शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून. आजही पुण्यामुंबईच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, त्या कराचं मूळ आमच्या खडीकेंद्रावर आहे हे कापून घेणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. केंद्राचा कायदा आला २००५ ला, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकानं.

पण ७२ नं एक धडा पण दिला. माझी आई खडी फोडायला जायची, मी पाच-सहा वर्षांचा, तिच्याबरोबर सुकडी खायला बसायचो. उन्हात दगडाची कपची उडून तिच्या भुवईला लागली होती, तो व्रण शेवटपर्यंत राहिला. त्या मजुरीनं आणि मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीनं आम्ही जगलो हे खरं. पण ती खडी वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडून होती. त्याच वेळी शेजारच्या गावात लोकांनी पाझर तलाव बांधला, त्याच्या खालच्या विहिरींना अजून पाणी आहे. मजुरी दोन्हीकडं तेवढीच, घाम तेवढाच, फरक फक्त कुठलं काम निवडलं त्याचा. म्हणून आराखडा हा सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि नेमका तोच घाईघाईत एका संध्याकाळी भरला जातो.

सुरुवात कुठून, तर माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग उतारावर शेताची बांधबंदिस्ती, मग नाल्यात दगडी बांध, आणि सगळ्यात शेवटी खाली विहीर. वरचं न करता खाली विहिरी खोदल्या तर त्या विहिरी एकमेकींचंच पाणी ओढतात. येत्या पावसात एक दिवस छत्री घेऊन शिवारात फिरा, सोबत दोन म्हातारे शेतकरी घ्या, पाणी कुठून पळतंय ते बघा आणि तिथं चुन्यानं खूण करा. कुठल्याही नकाशापेक्षा ते खरं.

आणि शेल्फ. पंधरावीस कामांची अंदाजपत्रकं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता डिसेंबरच्या आत करून ठेवा. काम लागलं नाही तरी कागद वाया जात नाहीत. फेब्रुवारीत आजी आल्या तेव्हा काम नव्हतं, कारण ऑक्टोबरात कागद नव्हते.

अदिस_ते_औसा | १५ सप्टेंबर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त इथिओपियाचं सांगतो कारण तिथं पाणलोटाच्या कामावर चार वर्षं होतो, आता केनियात आहे. मूळ औशाचा.

इथिओपियात आधी दरवर्षी दुष्काळ पडला की परदेशाकडं धान्य मागायचं, ते यायला महिने लागायचे, तोवर लोकांनी बैल विकलेले असायचे, आणि बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडून पण पेरणी होत नाही. म्हणून २००५ ला त्यांनी पीएसएनपी नावाचा कार्यक्रम सुरू केला, ७०-८० लाख लोकांना दरवर्षी, न मागता, वर्षातले साधारण सहा महिने रोख किंवा धान्य, बदल्यात माती-पाण्याची कामं. घरात जितकी माणसं तितके महिन्याला पाच-पाच दिवस. मोठ्या पावसाआधीच कामं उरकतात म्हणजे स्वतःच्या शेतीवर परिणाम होत नाही.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर जे काम करू शकत नाहीत त्यांची सोय त्याच कार्यक्रमात आहे. म्हातारे, अपंग आणि गरोदर बायका यांना काम न करता तेवढेच पैसे. बाई गरोदर आहे कळलं की तिला खोदकामावरून काढून थेट मदतीच्या यादीत टाकतात. आपल्याकडं निराधार आणि श्रावणबाळचे महिना १५०० रुपये वेगळ्या खिडकीतून, रोहयो वेगळ्या खिडकीतून, आणि मधल्या फटीत पडतात त्या तुमच्या पायरीवरच्या आजी.

उत्तरेत तिग्रेमध्ये डोंगरच्या डोंगर दगडी पायऱ्यांचे केलेत लोकांनी, आणि वरचा भाग चराईला बंद. मला पहिल्यांदा बघून हिवरे बाजार आठवलं, तिथं पोपटराव पवारांनी पण रोहयोचा पैसा वापरला आणि वर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीला बोअर बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. दोन्हीकडं तेच, नुसते चर खणून भागत नाही, नंतर पाळायचा नियम गावानं करायला लागतो. तो नसेल तर चर तीन वर्षांत गाळानं भरतात. हे पण सांगतो की तिथं पैसा बराचसा परदेशी मदतीचा, आणि तिग्रेत २०२० ते २२ युद्ध झालं तेव्हा सगळं विस्कटलं. आपल्याकडं तो कायद्यानं दिलेला हक्क आहे, ही आपली बाजू भक्कम आहे.

केनियाचं थोडक्यात. उत्तरेकडच्या तुर्काना, मार्साबित, वजीर, मंडेरा या चार कोरड्या जिल्ह्यांत त्यांनी जवळपास सगळ्या कुटुंबांची बँक खाती आधीच उघडून ठेवली. गरीब लाख-एक कुटुंबांना नेहमीचे पैसे, आणि सॅटेलाइटवर दिसलं की अमुक भागातला चारा ठरलेल्या पातळीखाली गेलाय की बाकीच्या हजारो कुटुंबांच्या खात्यात पण पैसे टाकायचे, शेळ्या मरायच्या आधी. पंचनामा नाही, घोषणेची वाट नाही. आपल्याकडं ऑक्टोबरच्या शेवटी दुष्काळ जाहीर होतो आणि तिथून पुढं हललं तर हललं. पाऊस दांडी मारतोय हे ऑगस्टमध्येच साऱ्या गावाला कळलेलं असतं.

सोलापूर_डाळिंब | १५ सप्टेंबर

मला नाही पटत एवढं. चर खणून ऊन कमी होत नाही. शेतकऱ्याला खरा आधार विम्याचा, यंदा २०२४ ला तर एक रुपयात पीक विमा मिळतोय, तो नीट आणि वेळेत मिळाला तरी निम्मा प्रश्न सुटेल. रोहयोत यंदा (२०२४-२५) २९७ रुपये रोज, त्यात कोण येतंय?

जुना_मस्टर | १५ सप्टेंबर

विमा पाहिजेच दादा, त्याला माझा विरोध नाही. पण विमा पिकाचा असतो, ज्यानं पेरलं त्याचा. ज्याला जमीनच नाही त्याचं पीक कुठलं आणि विमा कुठला? पाऊस गेला की त्याची खुरपणी जाते, काढणी जाते, मळणी जाते, तीन महिन्यांची मजुरी जाते आणि त्याचा पंचनामा होत नाही.

आणि डाळिंबवाले आहात म्हणून आठवण करून देतो, १९९० ला रोहयोतून फळबाग लागवड योजना आली. मजुरी रोहयोची, झाडं शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत. बोर, डाळिंब, सीताफळ, आंबा, कोकणात काजू, सगळी कमी पाण्यावर तगणारी. मला विचाराल तर रोहयोच्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते. झाड त्याच्या मालकीचं म्हणून उन्हाळ्यात बायका डोक्यावर घागरी आणून रोपं जगवायच्या, रोपाशेजारी मडकं पुरून वात सोडलेली मी डोळ्यांनी बघितलीय. सरकारी वृक्षलागवडीत असं कुणी करत नाही.

कोयत्याची_लेक | १६ सप्टेंबर

सगळ्यांचं वाचलं. माझे आईवडील २२ वर्षं ऊसतोडीला जायचे, मी पण पाच वर्षांची असल्यापासून फडात, आता नर्स आहे. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

डोंगरपट्टाताई, तुमचं गाव दिवाळीनंतर रिकामं होतं ते २९७ रुपये कमी आहेत एवढ्यासाठी नाही. ते उचलीसाठी. जून-जुलैत पाऊस ओढला, दुबार पेरणी करायची, पोरीची फी भरायची, कुणाचं ऑपरेशन, तेव्हा घरात रोकड कोण देतं? मुकादम देतो. लाखभर एकदम हातात. आमच्याकडं दुष्काळातली खरी सामाजिक सुरक्षा म्हणजे उचल, दुसरी मी तरी बघितली नाही. आणि ती फेडायची कशी, तर सहा महिने पहाटे चारला उठून, दिवस भरत आलेत तरी मोळी डोक्यावर घेऊन. माझा धाकटा भाऊ फडातच झाला. आई तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन उभी होती, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात.

रोहयोचं उलटं. आधी काम, मग मस्टर (हजेरीपट), मग मोजमाप, मग पैसे, तेही पंधरा दिवसांत यायचे ते कधी दोन महिन्यांनी. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही तो दोन महिने कसा थांबेल हो? म्हणून मला केनियाचं वाचून भरून आलं, खात्यात पैसे आधी. तसं एक पाच-दहा हजार ऑगस्टमध्ये पाऊस ओढल्याबरोबर घरात आले असते तर आमच्या आईनं त्या वर्षी तरी उचल घेतली नसती.

दुसरं, कामाची वेळ. हल्ली उन्हाळा पहिल्यासारखा राहिला नाही. मार्चमध्येच चाळिशी. हजेरीच्या ॲपवर दोनदा फोटो काढायचा नियम आहे, त्यासाठी बायका काम उरकलं तरी उन्हात थांबून राहतात. पहाटे लवकर सुरू करून दुपारच्या आत सुट्टी द्यायला हवी. सावलीचा मांडव, पिण्याचं पाणी, लेकरं सांभाळायला एक बाई, हे सगळं कायद्याच्या सुविधांत आहे, निदान मांडव तरी आराखड्यात लिहून घ्या. 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं गुजरातेत उन्हाचा विमा सुरू केलाय, पारा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की बायकांच्या खात्यात थोडे पैसे, म्हणजे त्या दिवशी घरी बसता येतं. रक्कम लहान आहे पण कल्पना बघा, ऊन वाढलं म्हणून मजूर बाईला पैसे. एवढ्या वर्षांत आमचा असा विचार कुणी केला नव्हता.

डोंगरपट्टा_बीड | १८ सप्टेंबर

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. ताई, तुमचं मी आमच्या बचत गटात मोठ्यानं वाचून दाखवलं, दोघी रडल्या, दोघींचीही बाळंतपणं फडातच झालेली.

काल पाऊस होता तर काकांनी सांगितल्याप्रमाणं छत्री घेऊन फिरलो, मी, रोजगार सेवक आणि दोन आजोबा. गावाच्या वरच्या अंगाला जुने चर सापडले, कुणाच्याच लक्षात नव्हते, पार बुजलेले, त्यात तरवड उगवलाय. एकाच ठिकाणी वीस-पंचवीस फूट चर अजून शाबूत होता आणि त्यात गढूळ पाणी थांबलं होतं, आजोबांनी काठी घालून बघितलं तर वीतभर खोल. बाकी सगळं पाणी रस्त्यानं वाहत खाली जात होतं, आम्हीच गेल्या वर्षी केलेल्या रस्त्यानं.

तर ठरवलंय असं, की चर आणि नाल्यातले दगडी बांध आराखड्यात पहिल्या नंबरला, रस्ते दोनच ठेवायचे, आणि आठ बायकांच्या माळरानावर सीताफळ. जी अकरा घरं ऊसतोडीला जात नाहीत, म्हातारी आणि एकट्या बायकांची, त्यांची यादी वेगळी काढलीय, कुणाचं निराधारचं प्रकरण अडकलंय तेही त्यातच. ऑगस्टमध्ये पैशाचं मात्र आमच्या हातात काही नाही, गटातून बिनव्याजी थोडं देता येईल का ते बघतोय.

एकच विचारायचंय, लोकांनी काम मागितलं आणि वरून काम आलंच नाही तर मी त्यांना काय सांगू?

जुना_मस्टर | १८ सप्टेंबर

तोंडी मागणी धरू नका, तिथंच सगळं हरतं. नमुना ४ चा, म्हणजे काम मागणीचा अर्ज प्रत्येकाकडून भरून घ्या आणि तारीख घातलेली पोच हातात द्या. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिश्शानं, पुढं निम्म्यानं, आणि तो राज्याच्या तिजोरीतून. पोच फाटते, भिजते, म्हणून ग्रामपंचायतीत एक वही घाला आणि प्रत्येक पोचेचा नंबर त्यात चढवा. पायरीवरच्या त्या आजींचा अर्ज पहिला भरा, सही येत नसेल तर अंगठा घ्या. खोदकाम झेपत नसेल तर कामावर पाणी वाटायचं काम त्यांना देता येतं, मजुरी सगळ्यांइतकीच.