बहुवंशीय कुटुंबांच्या संदर्भात ‘वर्णद्वेष’ हा शब्द चालेल का?

प्रश्न : अमेरिकेतील गोऱ्या-काळ्या दांपत्यांविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘रेसिझम’साठी मी सवयीने ‘वर्णद्वेष’ लिहिले, पण आजी-आजोबा, मामा-मावश्या यांच्याविषयी तो शब्द खटकतो. अशा दांपत्यांच्या मुलांना काय म्हणावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : खटकतो तो ‘द्वेष’. बराक ओबामा यांनी मार्च 2008 मध्ये फिलाडेल्फिया येथील भाषणात आपल्या गोऱ्या आजीचा उल्लेख केला होता. जिने त्यांना वाढवले, त्यांच्यावर जिवापाड प्रेम केले, तीच आजी रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची भीती वाटते असे एकदा कबूल करून गेली होती आणि ऐकवणार नाही असे काही वंशाविषयी एकाहून अधिक वेळा बोलून गेली होती. या आजीला ‘वर्णद्वेष्टी’ म्हणणे म्हणजे तिच्या मायेवर बोळा फिरवणे होय, आणि ती निर्दोष होती असे म्हणावे तर नातवाला आतल्या आत आक्रसून टाकणारे ते बोल उरतातच. उलट, मिल्ड्रेड व रिचर्ड लव्हिंग या काळ्या-गोऱ्या दांपत्याला 1958 मध्ये केवळ विवाह केला म्हणून रात्री घरात शिरून अटक करणारा अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा कायदा (तो 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला) ‘वर्णद्वेषी’ म्हणण्यास माझी मुळीच हरकत नाही.

‘वर्ण’ही पुरा पडत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाची वंशवार नोंद सुरू झाली, तेव्हा शंका आल्यास केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की गळून पडते हेही पाहिले जाई, आणि त्यापायी सख्खी भावंडे निरनिराळ्या वर्गांत पडल्याची उदाहरणे आहेत. तिथे प्रश्न केवळ कातडीच्या रंगाचा नव्हता. शिवाय मराठी वाचकाला ‘वर्ण’ म्हटले की चातुर्वर्ण्य आठवते. म्हणून ‘वंशभेद’ मला अधिक नेमका वाटतो. ‘वंशवाद’ही चालेल, हिंदीत त्याचा अर्थ घराणेशाही असा होतो, पण मराठीत त्यासाठी वेगळा शब्द असल्याने घोटाळा होऊ नये.

मुलांसाठी ‘संकरित’ कृपया कुणीही वापरू नये. तो ज्वारीला आणि गायीला शोभतो. त्यामागे गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाची वर्णसंकराची धास्तीही उभी आहे. एका व्यक्तीसाठी ‘मिश्रवंशीय’ आणि कुटुंबासाठी ‘बहुवंशीय’ असे मी लिहीन. मात्र त्या व्यक्तीने स्वतःसाठी निवडलेली ओळख आधी पाहावी : अमेरिकेच्या जनगणनेत 2000 पासून एकाहून अधिक वंश नोंदवण्याची सोय आहे, तरीही 2010 मध्ये ओबामांनी केवळ कृष्णवर्णीय ही एकच नोंद केली.

शंका : ‘भेद’ फार मवाळ नाही का? भेद म्हणजे नुसता फरक असाही अर्थ होतो.

उत्तर : सुटा ‘भेद’ मवाळ आहे खरा, पण ‘जातिभेद’ वाचून कुणाला नुसता फरक आठवत नाही. त्याचे क्रियापदही पाहावे : आपण जातिभेद ‘पाळतो’. सोवळे पाळावे, सुतक पाळावे, तसा तो रागलोभाशिवाय, घरातल्या रीतीसारखा पाळला जातो, आणि बहुवंशीय घरात नेमके हेच घडते. परदेशातील मराठी घरात आफ्रिकन वंशाच्या जावयाचे मनापासून कौतुक करणारी आजी नातीला मांडीवर घेऊन ‘बरं झालं बाई, रंग आईवर गेला’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात जावयाविषयी तिरस्कार नसतो. उजळ रंग वरचा ही उतरंड मात्र असते, जी ‘काळीसावळी असली तरी नाकीडोळी नीटस’ या आपल्या जुन्या वाक्यातील ‘तरी’मध्येही आहे. त्यामुळे आपल्या लेखातील वाक्य मी असे करीन : ‘तिच्या माहेरी जावयावर सर्वांचा जीव होता, पण वंशभेद पाळला जात होता.’ इथे ‘वर्णद्वेष’ घातला, तर वाक्याचा पूर्वार्ध खोटा वाटू लागतो.