प्रति: क्लबच्या मासिक सभेला पाहुणे वक्ते हवेत का?

कुणीतरी लिहिलंय की आपल्या फोटोग्राफी क्लबच्या सभेला पाहुणे वक्ते नकोतच, कारण ते येतात, दोन तास स्वतःचे फोटो दाखवतात आणि जातात. तसं होतं खरं, पण म्हणून पाहुणेच नकोत हे मला पटत नाही. वक्त्याला चाळीस मिनिटं द्या, उरलेला वेळ सभासदांच्या प्रिंट्सना. प्रिंट्सच हव्यात बरं का, मोबाइलवर फोटो दाखवला की डोळा ठरतच नाही.

आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी माझा भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा फोटो टेबलावर ठेवला, काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे त्यावर सरकवत नेले आणि डावीकडची होडी झाकली. थवा एकदम उडाल्यासारखा दिसला! शटर स्पीडबद्दल अवाक्षर नाही. त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मी आधी चौकटीच्या कडा बघतो.

आणि फोटोग्राफी क्लबची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्या वेळी प्रिंट करणारा कारागीर बोलवा, कागद आणि शाईबद्दल ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.