शब्दचर्चा : 'चूक झाली' की 'कुणीतरी चुकलं'?

शिक्षिका, सोलापूर

रविवारी सकाळी आमच्या भागातली आठ-दहा मुलं माझ्याकडे अनुवाद शिकायला येतात. या खेपेला लाइट ब्रिगेड या इंग्रजी घोडदळाच्या तुकडीवरची टेनिसनची कविता घेतली होती. प्रसंग थोडक्यात असा. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातली बालाक्लाव्हाची लढाई. रशियन सैन्य उंचवट्यावरच्या तोफा ओढून नेत होतं, ते थांबवा असा इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लनचा हुकूम निघाला. तो टेकडीवर होता, त्याला त्या तोफा दिसत होत्या. खाली खोऱ्यात उभ्या घोडदळप्रमुख लॉर्ड लूकनला त्या दिसतच नव्हत्या. "कुठल्या तोफा?" असं विचारल्यावर निरोप आणणाऱ्या कॅप्टन नोलननं नुसता हात केला, आणि साधारण ६७० स्वार थेट खोऱ्याच्या टोकाच्या तोफखान्यावर निघाले. समोर तोफा, डावी-उजवीकडेही तोफा. शंभरावर माणसं मेली, घोडे त्याहून कितीतरी जास्त. ९ डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्यात, कविता छापूनही आली.

आमचं घोडं अडलं ते एकाच ओळीवर. हुकमात काहीतरी चुकलंय हे शिपायाला कळतं आणि तरी तो निघतो, अशी ती ओळ. मुलांनी तीन मराठी वाक्यं दिली : 'घोडचूक झाली होती', 'कुठंतरी गफलत झाली होती', 'कुणीतरी चुकलं होतं'. 'घोडचूक'वर वर्गात हसू पिकलं, कारण मुलांना वाटलं हा शब्द घोडदळावरूनच आला असणार. जाणकारांनी सांगावं, यातलं कुठलं ठेवू?

जुना मुद्रितशोधक, सोलापूर

ताई, 'घोडचूक'मधला 'घोड' हा घोडनवऱ्यातला 'घोड' आहे. मोठं, वाजवीपेक्षा वाढलेलं, एवढंच तो सांगतो. स्वारांशी त्याचा संबंध नाही. शब्द चांगला आहे, पण बाहेरून बघणारा माणूस, आणि तोही सगळं घडून गेल्यावर, तो वापरतो. घोड्यावर बसलेला शिपाई 'घोडचूक' म्हणणार नाही.

'गफलत' मला इथं पटत नाही. गफलतीत बेसावधपणा असतो, माणूस गाफील राहतो. इथं तर सगळे डोळे उघडे ठेवून गेले.

मंगळवेढेकर

मूळ प्रश्न सोडून बोलतोय, पण राहवत नाही. ही कविता वाचली की आपल्याकडचा माणूस नेसरीलाच जाऊन पोहोचतो. शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर, २४ फेब्रुवारी १६७४. कुसुमाग्रजांचे सात वीर सगळ्यांना पाठ आहेत. मला बोलायचंय ते त्याआधीच्या एका शब्दाबद्दल.

आदल्या वर्षी, १६७३ च्या उन्हाळ्यात, उमराणीला विजापूरच्या बहलोलखानाची फौज प्रतापरावांनी कोंडली. उमराणी जत तालुक्यात, म्हणजे आमच्या शेजारचीच. एप्रिलमधला हा मुलूख ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, पाणी तोडलं की लढाई संपली. खान शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. त्यावर महाराजांचा जाब सभासदाच्या बखरीत आहे : 'सला काय निमित्त केला?' पुष्कळ लोक हा 'सला' म्हणजे 'सल्ला' समजतात. तसं नाही. 'सला' म्हणजे तह, समेट. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेत, म्हणून घोटाळा होतो. महाराज विचारतायत : तह का केलास?

आता कुसुमाग्रजांची कविता उघडून बघा. तिथं तह नाही. सैन्य रण सोडून पळालं, असा टोमणा आहे. पळणं आणि शरण आलेल्याला सोडणं यात केवढा फरक! कवीला कवितेसाठी जे हवं ते त्यानं घेतलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रतापरावांची खरी चूक, जी दयेपोटी झाली असेल किंवा विश्वासानं, ती 'सला' या शब्दाबरोबर लोकांच्या आठवणीतून निघून गेली. मला ते फार लागतं.

संस्कृतची विद्यार्थिनी, पंढरपूर

काका, तुमचा 'सला' वाचून 'साहस' आठवला. आज साहस म्हणजे शौर्य, मुलांना पुरस्कार देतात ते त्याचंच. जुन्या धर्मशास्त्रात मात्र 'साहस' हा गुन्हा आहे, बळजोरीनं केलेलं कृत्य, आणि त्याला दंडही सांगितलेला आहे. 'सहसा' त्याच घरातला शब्द. संस्कृत कवी भारवीच्या 'सहसा विदधीत न क्रियाम्'मध्ये त्याचा अर्थ 'एकाएकी, विचार न करता' असा आहे. मराठीत येऊन तो 'बहुतेक वेळा' एवढा शांत झाला. मराठीनं जुना अर्थ अगदीच टाकलेला नाही. 'उगाच साहस करू नकोस' असं आजी म्हणते तेव्हा ती कौतुक करत नसते.

आणि कुसुमाग्रजांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात'मधल्या 'वेडात'चा 'त' बघा. कवीनं त्या सातांना 'वेडे' म्हटलेलं नाही. 'वेडानं' असंही नाही. रागात, घाईत, झोपेत, तसं वेडात. तेवढ्या वेळापुरती माणसाची जी अवस्था होते तिला आपण हा प्रत्यय लावतो. म्हणजे चूक लपवलेली नाही, पहिल्याच कडव्यात सांगितली आहे, फक्त माणसावर शिक्का मारलेला नाही.

मंगळवेढेकर

हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. एक भर घालतो. नेसरीच्याच वर्षीच्या, १६७४ च्या, इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नोंद आहे की प्रतापराव दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांनिशी पडले, मागच्या फौजेची कुमक पोहोचली नाही. इथं वेडाचा उल्लेख नाही, कुमक न आल्याचा आहे. साडेतीन महिन्यांनी, ६ जूनला, राज्याभिषेक झाला तेव्हा सरनोबत हंबीरराव होते.

शिक्षिका, सोलापूर

सगळ्यांचे आभार. काल हे सगळं मुलांना वाचून दाखवलं. 'कुणीतरी चुकलं होतं' हे वाक्य ज्यानं दिलं होतं त्याच्या घरी चादरींचे माग आहेत. त्याला विचारलं, 'चूक झाली' का नाही लिहिलंस? तो म्हणाला, "बाई, जकार्डचं एक कार्ड उलटं लागलं की नक्षी मोडते, आख्खी चादर वाया जाते. तेव्हा मालक म्हणतात, चूक झाली. मागावरचा माणूस म्हणतो, कुणीतरी चुकलंय. त्याला माहीत असतंय की कोण."

मी वहीवर तेच वाक्य कायम केलं. 'चूक झाली'मध्ये करणारा माणूस वाक्यातून निघूनच जातो. 'कुणीतरी चुकलं' म्हटलं की तो तिथं उभा राहतो, नाव न घेता. आणि ते 'चुकलं' नपुंसकलिंगी आहे, म्हणून बोट दाखवलं तरी ते कुणा एकावर पडत नाही. टेकडीवरचा रॅग्लन, खोऱ्यातला लूकन, हात करणारा नोलन, तिघंही त्यात मावतात.

'सला' फळ्यावर लिहून ठेवलाय, शेजारी 'तह' असा अर्थ देऊन. पुढच्या रविवारी सभासदाच्या बखरीतलं तेवढं पान घेणार आहे.