नौदलातील कॅप्टन लष्करातील कॅप्टनपेक्षा इतका वरिष्ठ कसा?

दादरकर:
नमस्कार. घरात लग्न ठरले असून पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देण्यापूर्वी एक शंका उभी राहिली आहे. नवरा मुलगा लष्करात कॅप्टन आहे आणि मुलीचे मामा नौदलात कॅप्टन असून सध्या कुलाब्याला नेमणुकीवर आहेत. मुलगा तिशीच्या आत, तर मामा पन्नाशीला टेकलेले. तरीही दोघांच्या नावाआधी एकच शब्द येतो. लष्करात हा तसा सुरुवातीचा हुद्दा आहे, मग नौदलात तो इतका वर कसा गेला? या हुद्द्यांची नावे मुळात कशावरून पडली, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. मामांचा मान पत्रिकेत नीट राखला जावा, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे.

जुनी_गलबते:
पत्रिकेचे आधी सांगतो. मामांच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘भारतीय नौदल’ असे छापावे. नौदलाचे अधिकारी इंग्रजीतही आपल्या नावाला दलाचा उल्लेख जोडतात, तो याच घोटाळ्यासाठी. त्यांचा हुद्दा लष्करातील कर्नलच्या बरोबरीचा आहे. नवऱ्या मुलाच्या बरोबरीचा नौदल अधिकारी लेफ्टनंट म्हणवला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅप्टन म्हणजे लॅटिन मुळानुसार ‘डोके’, अर्थात प्रमुख. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लढाईसाठी जहाज घेतले की त्यावर सैनिकांची तुकडी चढे आणि तिचा प्रमुख तो कॅप्टन. जहाज हाकणे हे त्याचे कामच नव्हते. शिडे, सुकाणू आणि वारा यांची जबाबदारी ‘मास्टर’ नावाच्या दर्यावर्दी माणसाकडे असे. म्हणजे जमिनीवर काय किंवा जहाजावर काय, कॅप्टन हा आरंभी एकाच प्रकारचा, शंभरेक माणसांचा नायक होता. पुढे दोन्हीकडच्या वाटा फुटल्या. जमिनीवर अनेक तुकड्या एकत्र येऊन रेजिमेंट बनली आणि कॅप्टनच्या डोक्यावर मेजर, लेफ्टनंट कर्नल व कर्नल असे थर चढत गेले. समुद्रात मात्र जहाज हेच लढाईचे एकक राहिले. जहाजे वाढत वाढत ७४ तोफांची झाली, त्यांवर पाचशे ते सातशे माणसे राहू लागली, तरी त्या जहाजावर कॅप्टनच्या वर कोणी आले नाही. एका रेजिमेंटइतकी माणसे ज्याच्या हाताखाली, तो कर्नलच्या पंक्तीला बसणार, हे ओघानेच आले. अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश नौदलाने ही बरोबरी नियमात बांधली आणि तिची चौकट आपल्याकडे आजतागायत टिकली आहे.

कमांडर हा हुद्दाही जहाजाच्या आकारातून जन्मला. लहान युद्धनौकेला वेगळा मास्टर देणे परवडत नसे, म्हणून तिच्या अधिकाऱ्याला ‘मास्टर आणि कमांडर’ अशी दुहेरी उपाधी मिळे. १७९४ मध्ये तिचा पूर्वार्ध गळला आणि नुसता कमांडर उरला. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा धरून ठेवणारा. कॅप्टन पडला तर जहाज हाती घेणारा, एवढा साधा त्याचा अर्थ.

नेव्हीनगरची_सून:
वरील माहितीत एक भर घालते, कारण मुंबईत राहणाऱ्यांना याचा अनुभव वारंवार येतो. नौदलात कॅप्टन हा हुद्दाही आहे आणि जहाजावरचे स्थानही आहे. युद्धनौकेचा प्रमुख कोणत्याही हुद्द्याचा असो, त्या नौकेपुरता तो कॅप्टनच. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या निपात, निर्घात आणि वीर या तिन्ही क्षेपणास्त्र नौकांचे प्रमुख हुद्द्याने लेफ्टनंट कमांडर होते आणि त्यांच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव करत होते. उलट ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी बुडाली, तेव्हा जहाज न सोडणारे महेंद्रनाथ मुल्ला हुद्द्यानेही कॅप्टनच होते.

लेफ्टनंट कमांडर ओळखणे सर्वांत सोपे. पांढऱ्या गणवेशावरील काळ्या खांदापट्टीकडे जवळून पाहिले, तर दोन रुंद सोनेरी फितींच्या मधोमध एक बारीक फीत दिसते. ही अर्धी फीत हुद्द्याच्या आधी आली. आठ वर्षे लेफ्टनंट राहिलेल्याची ज्येष्ठता दिसावी, म्हणून ब्रिटिशांनी ती १८७७ मध्ये दिली आणि हुद्द्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९१४ मध्ये. म्हणजे बाहीवर सदतीस वर्षे फीत होती आणि नाव नव्हते.

मामांच्या मानाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या नौदलात कमांडरपर्यंतची बढती ठरावीक सेवाकाल आणि पात्रता पूर्ण झाली की मिळते, पण कॅप्टनपदासाठी मुख्यतः निवड मंडळातून जावे लागते आणि तिथे अनेक चांगले अधिकारी मागे राहतात. घरच्यांचा आग्रह अगदी रास्त आहे.

दादरकर:
दोघांचेही मनापासून आभार. मजकूर सुचवल्याप्रमाणे केला. आता भाच्याने विचारले आहे की रिअर म्हणजे मागचा, मग रिअर अॅडमिरल एवढा मोठा अधिकारी कसा?

जुनी_गलबते:
भाच्याचा प्रश्न नेमका आहे. शिडांच्या काळात मोठा ताफा तीन भागांत विभागून एका रांगेत लढे. मध्यभागी स्वतः अॅडमिरल, आघाडीला त्याचा दुय्यम म्हणजे व्हाइस अॅडमिरल आणि पिछाडीला रिअर अॅडमिरल असे. गाठ आधी आघाडीची पडण्याची शक्यता अधिक, म्हणून तिकडे अधिक ज्येष्ठ माणूस ठेवत. पिछाडी सांभाळणारा तिसऱ्या क्रमांकाचा असला, तरी त्याच्या हुकमात कित्येक जहाजे असत. रांगा गेल्या, नावे राहिली. आज मुंबईच्या पश्चिमी ताफ्याचे प्रमुख रिअर अॅडमिरल असतात आणि संपूर्ण पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल. कमोडोर तर मुळात हुद्दाच नव्हता. काही जहाजे एकत्र नेण्यासाठी एखाद्या कॅप्टनला तेवढ्यापुरती मिळणारी ती नेमणूक होती. आपल्याकडे तो ब्रिगेडियरच्या बरोबरीचा कायम हुद्दा आहे.

मराठी वाचकांसाठी हेही सांगावेसे वाटते की १९६२ मध्ये नौदलप्रमुख झालेले भास्कर सदाशिव सोमण त्या पदावर व्हाइस अॅडमिरल होते, कारण तेव्हा आपल्या प्रमुखाचा हुद्दा तेवढाच होता. तो पूर्ण अॅडमिरल झाला १९६८ मध्ये, अधर कुमार चॅटर्जी यांच्या कारकिर्दीत.

अष्टागरकर:
चर्चा ब्रिटिशांपाशीच थांबू नये, एवढ्यासाठी लिहितो. अॅडमिरल या शब्दाचा उगम अरबी ‘अमीर’ आहे, म्हणजे सर्वोच्च हुद्दाही त्यांनी बाहेरूनच घेतला. आपल्या किनाऱ्यावर हुद्द्यांची स्वतंत्र परंपरा होती. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हे पद होते आणि कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. बाळाजी विश्वनाथांनी शाहू महाराजांच्या वतीने केलेल्या तहात ती सरखेली कायम झाली. आमच्याकडे होडीचा प्रमुख आजही तांडेलच आहे. इंग्रजांच्या मुंबईतील जहाजांवरही सारंग आणि तांडेल होते, पण त्यांना खलाशांच्या वरची पायरी मिळाली आणि अधिकाऱ्यांची नावे विलायतेहून आली. आपल्याच दर्यावर्दी पदांना असे खालच्या डेकवर ठेवले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२०२३ च्या नौदल दिनी मालवणात पंतप्रधानांनी नौदलातील पदनामे भारतीय परंपरेनुसार देण्याची घोषणा केली, आणि त्याच महिन्यात अॅडमिरल मंडळींच्या खांदापट्ट्यांवर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. माझे मत असे आहे की नावे निवडायचीच असतील, तर दरबारी उपाध्या शोधत बसण्यापेक्षा तांडेल आणि सारंग यांसारखी जहाजावर राबलेली नावे आधी पाहावीत, कारण कॅप्टन आणि लेफ्टनंट हेही वर सांगितल्याप्रमाणे कामावरूनच पडलेले शब्द आहेत. सरखेल मात्र ताफ्याच्या प्रमुखासाठीच राखून ठेवावे.