इंदूर: उन्हाळ्यात घरची बाग कमी पाण्यात कशी जगवायची?

मोगरा_सुदामानगर
नमस्कार मंडळी. घरापुढे छोटीशी बाग आहे. कडेने मोगरा, कोपऱ्यात सोनचाफा, मध्ये हिरवळ आणि गच्चीवर कुंड्या. नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि एप्रिल सरता सरता बोरिंगही दम तोडतं. सासूबाईंचा जीव सोनचाफ्यात अडकलेला, माझा मोगऱ्यात. पण झाडांसाठी टँकर मागवायला मन धजत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी घातलं तर चालेल का?

लोकमान्यनगरचे_काका
ताई, टँकर नको हे अगदी बरोबर. आपलं नळाचं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून पंपांनी घाट चढवून आणलेलं असतं. १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली तेव्हा आईने पहिली घागर देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. ते पाणी भरदुपारी पाइपने हिरवळीवर उडवलेलं मला बघवत नाही.

हिरवळीचा मोह दोन महिने सोडा. ती पिवळी पडेल, पण दूर्वा असेल तर पावसाबरोबर पुन्हा फुटते. ते पाणी झाडांना द्या.

आता माती. आपली माळव्याची काळी माती उन्हात तडकते. वरून ओतलेलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि त्याच भेगांतून आतली ओलही उडते. म्हणून आधी खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवा, मग आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा. बुंध्याला मात्र चिकटवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर वाळवी लागते. चैत्रात कडुनिंबाची एवढी पानं गळतात, ती लोक कचरागाडीत देतात याचं फार वाईट वाटतं.

सोनचाफ्याला मटका पुरा. रंग दिलेला नको, साधा, भाजलेला. घेताना पाणी भरून थोडा वेळ ठेवून पाहा, बाहेरून ओलसर झाला तर कामाचा. बुंध्याशी नाही, फांद्यांचा घेर संपतो तिथे दोन बाजूंना दोन, गळ्यापर्यंत गाडायचे. माती कोरडी झाली की पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. नळ येईल त्या दिवशी भरून टाका. तोंडावर झाकण हवंच, डास होतात.

आरओचं पाणी कुंड्यांना नको. त्यात क्षार साठलेले असतात आणि कुंडीत ते जायला वाट नसते. त्याने फरशी पुसा, अंगण धुवा.

विजयनगर_गच्ची
एसीचं पाणी? आमच्याकडे रोज बादलीभर निघतं. आणि वॉशिंग मशीनचं?

लोकमान्यनगरचे_काका
एसीचं पाणी कुंड्यांना खुशाल घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मशीनचं पहिलं साबणाचं पाणी टाळा. डिटर्जंटमधल्या सोडियमने काळी माती घट्ट, चिवट होते. शेवटी कपडे खळबळलेलं पाणी कधीमधी मोठ्या झाडांना चालेल. तांदूळ-डाळ धुतलेलं तर तुळशीला, कढीपत्त्याला उत्तम. कुंड्या एकमेकींना खेटून, पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशा ठेवा.

मोगरा_सुदामानगर
काका, मनापासून आभार. मोगऱ्यालाही पाणी कमी करू? आणि पावसात माती फुगली की मटके फुटणार नाहीत का?

लोकमान्यनगरचे_काका
मोगऱ्याला मुळीच कमी करू नका, त्याचा बहरच उन्हाळ्यातला, पाणी तुटलं की कळ्या झडतात. भल्या पहाटे, आळं भरून, मुळाशी द्या. काटकसर बोगनवेल, कण्हेरीवर करा, त्यांना ती सोसते.

मटक्याची शंका रास्त आहे. खड्डा थोडा मोठा घ्या आणि भोवती वाळू व शेणखत भरा, म्हणजे फुगणाऱ्या मातीचा दाब थेट येत नाही. मृग लागण्याआधी काढून ब्रशने घासून, वाळवून ठेवा. छिद्रं मोकळी राहतात, पुढच्या वर्षी तेच चालतात.