एनगारू स्टेशन टिकावं की नाही? ('एका मुलीसाठी चालू ठेवलेलं स्टेशन' या पोस्टवरून)

रानवाट:
काल फॅमिली ग्रुपवर ती जपानची पोस्ट परत आली. बर्फातलं स्टेशन, शाळकरी मुलगी, आणि फक्त तिच्यासाठी रेल्वेने स्टेशन चालू ठेवलं. जानेवारी 2016 पासून फिरतेय आणि अर्धीच खरी आहे. पोस्टमध्ये नाव असतं कामी-शिराताकीचं, ती चढायची क्यू-शिराताकीला, आणि गाडीत शाळेची बाकीची मुलंही असायची. 26 मार्च 2016 ला टाइमटेबल बदललं तेव्हा कामी, क्यू आणि शिमो अशी तिन्ही शिराताकी एकदम बंद झाली, मार्चमध्ये तिकडे शाळेचं वर्ष संपतं म्हणून ते जुळून आलं एवढंच. आता कामीकावा सोडलं की शिराताकीपर्यंत 37.3 किमी मध्ये एकही स्टेशन नाही, जपानच्या साध्या (बुलेट ट्रेन सोडून) जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या लाइनींवर एवढं अंतर दुसरीकडे कुठेच नाही.

मला बोलायचंय ते ही मुलं जिथे शिकायला जायची त्या एनगारूबद्दल. 1915 साली सुरू झालेलं स्टेशन, नाव ऐनू, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलंय, जिथून सगळीकडे नजर टाकता येते ती जागा, आणि तो उंच कडा अजून स्टेशनच्या मागे उभा आहे. एकेकाळचं मोठं जंक्शन. 1989 ला नायोरो लाइन उखडली आणि एक फाटाच गेला, त्यामुळे आज प्रत्येक गाडी इथे येऊन उलटी फिरते आणि पॅसेंजर उठून आपापल्या सीट फिरवून घेतात. नोव्हेंबर 2016 मध्ये जेआर होक्काइदोने, म्हणजे त्या होक्काइदो बेटावरच्या रेल्वे कंपनीने सांगितलं की 13 टप्पे, 1237.2 किमी, आम्हाला एकट्याने झेपणार नाहीत. त्यात शिन-आसाहिकावा ते अबाशिरी ही अख्खी 234 किमीची लाइन आहे, म्हणजे एनगारू पण आलंच. माझं स्पष्ट मत, ही लाइन टिकलीच पाहिजे.

सरळहिशेब:
भावना समजतात पण गाडीत बसणार कोण? आसाहिकावाकडून येणारा एक्स्प्रेसवे डिसेंबर 2019 मध्ये थेट एनगारूपर्यंत आला, तोही टोल फ्री. ज्याच्याकडे गाडी आहे तो स्टेशनवर कशाला जाईल, आणि ज्याच्याकडे नाही त्याला बस दारापर्यंत सोडेल. कामी-शिराताकीला शेवटी शेवटी दिवसाला जायला एक आणि यायला एक गाडी होती. त्यासाठी हिवाळाभर रूळावरचा बर्फ काढत राहायचा? तेच पैसे दवाखान्याला द्या ना.

साप्पोरोकर:
इथे राहतो म्हणून सांगतो, बस बस म्हणणं सोपं आहे, चालवायला माणूस कुठून आणणार? एप्रिल 2024 पासून ड्रायव्हर लोकांच्या ओव्हरटाइमला मर्यादा आलीय, आणि ड्रायव्हर आधीच कमी होते. ओसाकाजवळची एक बस कंपनी तर डिसेंबर 2023 मध्ये सगळे रूट सोडून बंदच झाली, तेही होक्काइदोपेक्षा कितीतरी दाट वस्तीत. रेल्वे काढून बस आणली आणि काही वर्षांनी बसही गेली तर त्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं.

कांदेनवमी:
मी निफाड तालुक्यातला, त्यामुळे एकच मुद्दा. एनगारूच्या पुढे कितामी आहे, जपानातला सगळ्यात मोठा कांद्याचा पट्टा, आणि हंगामात तिथला कांदा याच लाइनने मालगाडीत भरून साप्पोरोकडे जातो. एनगारूला उलटं फिरावं लागतं म्हणून गाडीला दोन्ही टोकांना इंजिन लावतात! आमच्याकडे ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल सुटली तेव्हा केवढा आनंद झाला होता, कारण लांबचा बाजार गाठणं म्हणजे काय ते कांदा पिकवणाऱ्यालाच कळतं. फक्त पॅसेंजर मोजून लाइन तोट्यात म्हणणारे शेतकऱ्याला धरतच नाहीत.

सरळहिशेब:
मालगाडीचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण मग मालासाठी लाइन ठेवा, छोटी स्टेशनं कशाला? आणि तोटा कंपनीने किती वर्षं सोसायचा?

रानवाट:
तोटा होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं हो. 1987 ला सरकारी रेल्वेचे तुकडे केले तेव्हाच होक्काइदोच्या कंपनीला 68,220 कोटी येनचा फंड दिला, म्हणजे व्याजातून तोटा भरत राहायचा. तेव्हा हिशेब 7.3 टक्के व्याजाचा धरला होता. नंतर जपानात व्याजदर जवळजवळ शून्यावर गेले, आता यात एनगारूला गाडीची वाट बघणाऱ्या आजीचा काय दोष?

आणि ही लाइन फुकट नाही आलेली. एनगारू आणि कितामीच्या मधला जोमोन बोगदा, लांबी फक्त 507 मीटर, 1914 ला पूर्ण झाला. फसवून आणलेले, कोंडून ठेवलेले मजूर तिथे राबवले, शंभराहून जास्त मेले. 1970 मध्ये दुरुस्ती करताना भिंतीच्या मागे माणसाचा सांगाडा उभा सापडला. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोप नाही लागली. एवढं करून जमिनीत घातलेली लाइन नुसत्या ताळेबंदावरून काढून टाकायची हे मला पटूच शकत नाही.

सरळहिशेब:
बोगद्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्या लोकांची आठवण ठेवायला तोट्यातली लोकल चालवावी लागते असं मी नाही मानत. स्मारक नीट ठेवा, मुलांना शाळेत शिकवा. मार्च 2025 पासून या लाइनवरची 'ताइसेत्सु' एक्स्प्रेस उतरवून साधी जलद गाडी केलीय, म्हणजे दिशा दिसतेच आहे.

साप्पोरोकर:
त्या बदलाने एक्स्प्रेसचा जादा चार्ज गेला, गावातल्या माणसाला तिकीट स्वस्त पडतं, ते पण सांगा.

रानवाट:
फुकुशिमाची तदामी लाइन बघा. जुलै 2011 च्या पुरात पूल वाहून गेले, सगळे म्हणाले आता बस. पण प्रांताने रूळ स्वतःच्या मालकीचे करून घेतले, गाड्या जेआर चालवते, आणि ऑक्टोबर 2022 ला लाइन परत सुरू झाली. इथेही रूळ प्रांताने घ्यावेत.

सरळहिशेब:
तदामीचा तो तुकडा 27.6 किमी होता, इथे 234 आहेत. होक्काइदो प्रांत आणि लाइनवरची सगळी गावं मिळून दरवर्षी पैसे घालणार असतील तर माझा विरोध नाही, त्यांचा पैसा त्यांची लाइन. तेवढी तयारी दिसेपर्यंत मी बसच म्हणणार.